आडवं होण्याचा सराव

माझ्या आईची मी फार सेवा केली, असं बंगलोरमधल्या निदान तीस-चाळीस मराठी घरांचं पक्कं मत आहे. ते खोडून काढायचा प्रयत्न मी कधी केला नाही. आयती मिळालेली कीर्ती कोण परत करतो? पण त्यातली निम्मी माणसं आता हयात नाहीत आणि उरलेल्यांना आपला चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नाही, तेव्हा खरं काय झालं ते सांगून टाकायला आता हरकत नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही मल्लेश्वरमला पहिल्या मजल्यावर राहायचो. वडील तरुणपणी सांगलीहून इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले, यथावकाश निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. मी एका सरकारी प्रयोगशाळेत होतो. धातूचे तुकडे मशिनात धरायचे, ओढायचे, वाकवायचे, पिळायचे आणि ते कधी तुटतात ते लिहून ठेवायचं, हे माझं काम. असलं काम पंचवीस वर्षं केलेल्या माणसाला आपल्याला सगळ्यातलं सगळं कळतं असं वाटायला लागतं. मुलगी लग्न होऊन गेलेली, त्यामुळे घरात आई, मी आणि माझी बायको एवढेच.

आई एकाहत्तर वर्षांची होती. एका सकाळी कणीक भिजवता भिजवता तिचा उजवा हात परातीतच राहिला आणि ती ओट्याला टेकून खाली बसली. पक्षाघात. हॉस्पिटलात आधी तो, मग न्यूमोनिया, मग झोपून झोपून पाठीला झालेली जखम, असं करत दहा आठवडे गेले. बोलणं तिसऱ्या आठवड्यात परत आलं. पहिलं स्पष्ट वाक्य हॉस्पिटलच्या उपम्यात मीठ नसल्याबद्दल होतं. पायही हळूहळू भार घ्यायला लागला. उजवा हात मात्र जिथे ठेवाल तिथे पांघरुणावर पडून राहायचा.

खरा प्रश्न जेवणाचा होता. नर्सने डाव्या हातात चमचा दिला की आई ओठ मिटून घ्यायची. डावा हात कशासाठी असतो हे तिला लहानपणी एकदा सांगितलं गेलं होतं आणि त्यात बदल करायचं तिला काही कारण दिसत नव्हतं. मग कोणीतरी भरवायचं. भरवून घेताना ती भिंतीकडे बघायची. घरी निघायच्या आदल्या दिवशी तिने माझ्या बायकोला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "बाकी काही परत आलं नाही तरी चालेल. मला माझ्या हाताने जेवता आलं पाहिजे. तेवढं बघ." हे तिने मला सांगितलं नाही, सुनेला सांगितलं. तिला माणसांची पारख होती.

डिस्चार्ज देताना मोठे डॉक्टर म्हणाले, औषधांचं काम आता संपलं, आता रिहॅबिलिटेशन. मराठीत याला पुनर्वसन म्हणतात, आणि तो शब्द मी तोवर धरणग्रस्तांच्या बातम्यांतच वाचला होता. हे कुठे करतात, असं मी विचारलं, तर डॉक्टरांनी हात असा गोल फिरवला की त्यात अख्खं बंगलोर आलं. मग ते पुढच्या पेशंटकडे गेले.

मी शोधायला निघालो. त्याच हॉस्पिटलात असा एक विभाग होता, पण तो तळघरात, आणि लिफ्ट तळमजल्यापर्यंतच जायची. ज्यांना चालता येत नाही त्यांना चौदा पायऱ्या उतरून जावं लागे. ही गोष्ट मी तिथल्या इन्चार्जच्या नजरेला आणून दिली. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "येस सर, एव्हरीबडी इज टेलिंग."

सर्जापूर रोडला एका ट्रस्टने वृद्धांसाठी केंद्र काढलंय असं कळलं. तेव्हा त्या रस्त्याला नाचणीची शेतं आणि निलगिरीची झाडं याशिवाय काही नव्हतं. दोन बस बदलून आणि मैलभर चालत मी तिथे पोचलो. व्यवस्थापकाने फॉर्म पुढे केला. पेशंट स्वतः चालतो का? स्वतः जेवतो का? दोन्हीकडे मी 'नाही' लिहिलं. त्याने फॉर्म अलगद आपल्याकडे ओढून घेतला आणि म्हणाला, "चालायला-जेवायला लागल्या की घेऊन या, सर. आम्ही फार चांगली काळजी घेतो." मला त्याने कॉफी पाजली, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे.

ओळखीतल्या मंडळींकडे उपायांची कमतरता नव्हती. एकाने केरळी तेल सुचवलं. एकाने कबुतराच्या रक्ताचं मालीश सुचवलं आणि हा गृहस्थ कांदालसूणसुद्धा खायचा नाही. शेवटी मी स्वतःच डोकं चालवलं. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या ओळखीचा एक छोटा कारखानदार होता, त्याच्याकडून मी माझ्या ड्रॉइंगप्रमाणे एक यंत्र बनवून घेतलं. दोन कप्प्या, चार स्प्रिंगा, उत्तम बेअरिंग. आईचा हात त्यात अडकवला की डाव्या हाताने दोरी ओढून उजवा वर न्यायचा. आईने ते एकदा नीट बघून घेतलं आणि विचारलं, "हे कुणासाठी?" पुढे बरेच दिवस त्यावर टॉवेल वाळत असत.

शेवटी माणूस मिळवला तो बायकोने. आठव्या क्रॉसच्या रस्त्यावर भाजी घेताना तिने शेजारच्या बाईला आपलं दुखणं सांगितलं. त्या बाईची भाची नुकतीच फिजिओथेरपी शिकून एका दवाखान्यात लागली होती. दुसऱ्या दिवशी साडेपाचला ती भाची मोपेडवरून दारात हजर झाली. वय तेवीस-चोवीस, दोन वेण्या, खांद्यावर कापडी पिशवी. मी तिला माझं यंत्र दाखवलं. भिंतीवर लावलेला आलेखही दाखवला: वजनकाट्याचं ताट आईला उजव्या हाताने दाबायला लावून रोजचा जोर मी आलेखपत्रावर मांडत होतो. तिने दोन्ही गोष्टींकडे आदराने पाहिलं, "व्हेरी नाइस, सर" म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून आईशी कानडीत बोलायला लागली.

आईचं कानडी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. पंचेचाळीस वर्षं ती त्या भाषेत कोथिंबिरीवरून भांडत आली होती. मुलीने तिला विचारलं, स्वयंपाकघरात तुम्ही हाताने काय काय करायचा? आई अर्धा तास सांगत होती. ऐकून झाल्यावर मुलीने बायकोकडून एक ताट तांदूळ मागून घेतले, कणकेचा एक गोळा घेतला आणि दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून आणले. "अम्मा, कै स्वल्प मेले," असं म्हणत तिने आईचा हात मनगटाखाली धरून थोडा वर उचलला आणि तांदळात सोडला.

जाताना तिने आम्हा दोघांना नियम सांगितले. दिवसातून तीनदा तांदूळ निवडायचे, कणीक मळायची, चिमटे काढायचे आणि लावायचे. आणि आजपासून त्यांना कोणी भरवायचं नाही. सांडेल, साडीवर पडेल, पडू दे. हाताला गरज पडल्याशिवाय हात शिकत नाही. "पहिल्या काही महिन्यांत जेवढं येतं तेवढं येतं, सर. नंतर हात वाट बघत नाही." मी मान डोलावली. माझ्या बायकोने तिच्याकडून एकेक गोष्ट दोनदा समजून घेतली.

पहिले चार दिवस सगळं सरी, म्हणजे कानडीत ठीक, चाललं होतं. पाचव्या दिवशी समाचाराला मंडळी यायला सुरुवात झाली.

आमच्या ओळखीत कोणी आजारी पडलं की भेटायला जायचं असतं. न कळवता जायचं, संध्याकाळी जायचं, दोघांनी मिळून जायचं आणि मोसंबी न्यायची. आजाऱ्यानेही आपली बाजू सांभाळायची असते. त्याने पडून राहायचं, क्षीण हसायचं आणि "कशाला आलात एवढ्या लांबून" असं म्हणायचं. उठून बसलेला आजारी बघितला की माणसांचा हिरमोड होतो, यायला उशीर झाला असं त्यांना वाटतं.

त्या संध्याकाळी आल्या त्या काकू आमच्या वर्तुळातल्या सर्वांत ज्येष्ठ. कोणाकडे मुंज कधी, भजन कोणाकडे, कोणाच्या मुलीला कोणतं स्थळ, हे सगळं त्यांना विचारून ठरायचं. त्या आत आल्या तेव्हा आई पलंगावर उशीला टेकून बसली होती, मांडीवर तांदळाचं ताट, आणि एक खडा अंगठ्याने कडेला ढकलण्यात गढून गेली होती. काकूंनी ताटाकडे पाहिलं, मग आईकडे, मग शांतपणे माझ्या बायकोकडे. "बरं केलंस गं," त्या म्हणाल्या, "लगेच कामाला लावलंस. तेवढाच त्यांचा वेळ जातो."

दोन दिवसांत ही बातमी बंगलोरभर फिरली. एका आवृत्तीत सासूबाई भांडी घासत होत्या. दुसरीत त्या व्हीलचेअरमध्ये बसून पोळ्या लाटत होत्या, आणि आमच्याकडे व्हीलचेअर नव्हतीच. प्रयोगशाळेच्या कॅन्टीनमध्ये एक मराठी सहकारी माझ्याशेजारी येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "घरी कामाला बाई मिळत नसेल तर आमच्या हिला सांगू का?" तो उपचार आहे, असं मी म्हणालो. "हो हो, असेलच," तो म्हणाला, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून गेला.

आता इथे एखाद्या धड माणसाने काय केलं असतं? पुढच्या दहा जणांना तेच वाक्य ठणकावून सांगितलं असतं आणि विषय संपवला असता. मी एक पद्धत बसवली.

आमच्या फाटकाची कडी करकरायची आणि फाटकापासून आमच्या दारापर्यंत बावीस पायऱ्या होत्या. पाहुणे बहुतेक साठीचे, म्हणजे कडी वाजल्यापासून घंटी वाजेपर्यंत चांगला वेळ मिळे. तेवढ्यात तांदळाचं ताट पलंगाखाली जायचं, कणकेचा गोळा वाटीखाली, चिमटे उशीखाली, आलेखावर देवाचं कॅलेंडर. आई आडवी व्हायची, मी तिच्या गळ्यापर्यंत शाल ओढायचो आणि पायथ्याशी बसून तिचे पाय चेपायला घ्यायचो. दार उघडलं की समोर हे दृश्य. घरची अब्रू शाबूत.

आईने विरोध केला नाही. तिचंही आयुष्य याच लोकांत गेलं होतं आणि सुनेला कोणी बोलावं हे तिला नको होतं. पुढे पुढे तर कडी तिलाच आधी ऐकू यायची. "आलं कोणीतरी," असं म्हणून ती स्वतःच उशी सरकवायची. बायकोने मात्र या नाटकात भाग घ्यायला साफ नकार दिला. ती स्वयंपाकघरात जायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची.

राहता राहिलं जेवण. मंडळी सातच्या सुमाराला येत आणि आईची जेवायची वेळ तीच. पाहुण्यांसमोर तिच्या तोंडावरून वरण ओघळू द्यायचं मला कसंतरी वाटलं, म्हणून मी भरवायला घेतलं. एकदाच, असं ठरवून घेतलं. पण त्याचा जो परिणाम झाला तो मी अपेक्षिला नव्हता. एक बाई पदराने डोळे टिपू लागल्या. त्यांच्या यजमानांनी बरोबर आलेल्या आपल्या थोराड मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बघ, शिकून घे." खोलीत सगळे गप्प झाले होते, मी वरणभाताचा मऊ घास करून आईच्या ओठाशी नेत होतो, आणि इतकी मोठी माणसं माझ्याकडे अशा नजरेने याआधी कधी बघितली नव्हती. पंचवीस वर्षं मी धातू तोडत होतो, त्याचं कोणी कौतुक केलं नव्हतं.

मला ते आवडायला लागलं. हे लिहायला जड जातं, पण खरं तेच आहे. पाहुणे आले की मी घास जरा लहान करायचो, म्हणजे जेवण जास्त वेळ चाले. रुमाल भिजवून आईची हनुवटी टिपायचो. एका रविवारी तर कडी वाजली तेव्हा आईचं जेवण आटोपलेलं होतं, आणि मी वाटीभर दूधभात पुन्हा कालवून आणला. आईने तो मुकाट्याने खाल्ला आणि सगळा वेळ भिंतीकडे बघत राहिली.

मंडळी आमच्याकडे आठवड्यातून पाच-सहा दिवस येऊ लागली. तांदूळ पलंगाखालीच राहू लागले.

सहा आठवड्यांनी फिजिओथेरपीच्या त्या मुलीने आईची नीट तपासणी केली. वहीत एकेक हालचाल लिहीत होती. खांदा, ठीक. कोपर, ठीक. बोटं, तिने पुन्हा पुन्हा बघितली आणि काही न बोलता लिहिलं. उठून बसणं, मध्यम. मग तिने आईला बसलेलं असताना आडवं व्हायला सांगितलं. आई क्षणात आडवी झाली. पाय वर, अंग कुशीवर, डावा हात उशीखाली, उजवा बाजूने अलगद आत घेतलेला, शाल गळ्यापर्यंत. मुलीने भुवया उंचावल्या आणि पुन्हा करायला लावलं. आईने पुन्हा करून दाखवलं, पहिल्यापेक्षा लवकर. असा पेशंट मी पाहिला नाही, मुलगी म्हणाली, बाकी सगळं मागे आणि हे एवढं पुढे कसं? हे कोणी शिकवलं?

मी कॅलेंडरकडे पाहत राहिलो. आईने मात्र तिला कानडीत सगळं सांगितलं. कडी, पायऱ्या, ताट, शाल, माझं पाय चेपणं. माझा घास भरवतानाचा चेहरासुद्धा तिने करून दाखवला, मान थोडी वाकडी करून. मुलगी खळखळून हसली. दारात उभी असलेली बायकोही हसली. मग मुलगी हसायची थांबली.

"सर, तुमच्या लॅबमध्ये मशीन चाळीस तास चालवायचं असतं," ती म्हणाली. "तुम्ही दोन तास चालवलं आणि चाळीस लिहिले, तर त्या रिपोर्टला काय म्हणतात?"

अशा रिपोर्टला काय म्हणतात ते मला चांगलं माहीत होतं. त्यापायी मी एका ज्युनिअरची बढती रोखली होती.

"अजून थोडे आठवडे आहेत," ती म्हणाली. "जास्त नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी दारावर कागद चिकटवला: आजाऱ्यास भेटण्याची वेळ दुपारी चार ते पाच. संध्याकाळी सात वाजता जिन्यात मंडळी तो कागद मोठ्याने वाचत असलेली आम्हाला आतून ऐकू आली. अक्षर छान आहे, असं एक जण म्हणाला. बाहेरच्या लोकांसाठी असेल, असं दुसऱ्याने सांगितलं. मग त्यांनी घंटी वाजवली. आणि मी, सकाळीच तो कागद चिकटवणारा मी, ताट पलंगाखाली सरकवलं. बायको दारात उभी होती. "अहो, तुम्हाला त्या बरं व्हायला हव्या आहेत की नाही, एवढं एकदा सांगून टाका," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

त्याच आठवड्यात काकूंचा निरोप आला. बायकांचं गुरुवारचं भजन दर वेळी कोणाच्या ना कोणाच्या घरी असे. या गुरुवारी ते आमच्याकडे, आईच्या पलंगापाशी होणार होतं. तेवढंच त्यांना बरं वाटेल, असं काकूंनी ठरवलं होतं. आईला भजनाचं वेड कधीच नव्हतं. ती अशा वेळी प्रसादाचं बघायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन बसायची. आता तिला जायला जागा नव्हती.

गुरुवारी अकरा जणी आल्या. सतरंजी अंथरली, पेटी आली, टाळ आले. आई गळ्यापर्यंत शाल घेऊन दीड तास पडून होती. शेवटची आरती झाली, शिरा वाटला गेला, साडेसात वाजले, तरी कोणी उठायचं नाव काढेना. मग काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आईच्या जेवणाची वेळ झाली ना रे? भरव तिला. आमची काही अडचण नाही." आणि त्या सरसावून बसल्या. बाकीच्याही सरसावल्या. ज्यांनी आजवर नुसतं ऐकलं होतं त्या जरा पुढे आल्या.

मी आतून ताट आणलं. आईला टेकून बसवलं. घास केला, मान थोडी वाकडी केली आणि हात पुढे नेला.

आईने ओठ मिटून घेतले.

"घे ना, आई," मी म्हणालो.

"ताट मांडीवर ठेव," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पहिल्या दोन रांगांना ऐकू गेला.

मी तिच्या कानाशी वाकलो. "आत्ता नको. सगळ्या गेल्या की मग." तिचा उजवा हात शालीखालून बाहेर येत होता, हळूहळू, ताटाच्या दिशेने. आणि मी तो हात धरून परत शालीवर दाबून ठेवला. बायकांकडे बघून हसत दाबून ठेवला, जसं लहान मुलाला चारचौघांत आवरतात तसं. तो हात माझ्या हाताखाली सुटायची धडपड करत होता, ते मला जाणवलं, आणि तरी मी सोडला नाही.

तिने तो हिसकून काढला आणि माझ्या मनगटावर मारला. ताट हेलकावलं, माझ्या बोटांतला घास शालीवर पडला. ज्या हाताचा जोर मी ग्रॅममध्ये मोजत होतो त्या हाताने मारलं होतं, आणि चांगलं लागलं.

"तुझी सेवा पुरे झाली," आई म्हणाली. "मला जेवू दे."

खोलीत टाळसुद्धा हलला नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली, माझ्या हातातलं ताट घेतलं, आईच्या मांडीवर पाट ठेवला आणि त्यावर ते ताट. कडेला लिंबाची फोड नव्हती, ती आणायला ती परत आत गेली. मी उठून भिंतीला टेकून उभा राहिलो.

आईने उजवा हात वरणभातात घातला. कालवायला तिला बराच वेळ लागला. पहिला घास निम्म्या वाटेत सुटला आणि छातीवर पडला. दुसरा हनुवटीला लागला. तिसऱ्यातली चार शितं तोंडात गेली. ती चावली, गिळली, पुन्हा हात खाली नेला. काकू मदतीला उठू लागल्या, तर बायको फोड हातात घेऊन दारातूनच म्हणाली, "काकू, बसा. त्या जेवतायत." काकू बसल्या. जेवणाऱ्या माणसासमोरून उठून जाता येत नाही, म्हणून अकराही जणी बसून राहिल्या. वरण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. कोणी सतरंजीकडे बघत होतं, कोणी पेटीकडे. पाऊण तास चाललं हे. मध्येच काकूंनी विचारलं, "मीठ हवंय का, वहिनी?" आई म्हणाली, "नको. भाताला वरण थोडं घाला." काकूंनी उठून वरण घातलं.

त्यानंतर ताट पलंगाखाली गेलं नाही. मंडळी येत राहिली, पण कमी, आणि आली तर आईच्या हातातल्या तांदळांसमोर बसून बोलू लागली. काकूंनी तर दोनदा तिच्यासमोर बसून चिमटे मोजून दिले. मुलगी आणखी दोन महिने येत होती. अंगठा आला. पहिलं बोट आलं, मधलं आलं. शेवटची दोन तळहातात मिटलेली राहिली. शेवटच्या दिवशी मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेलो आणि विचारलं, पहिल्या दिवसापासून तुम्ही सांगितलं तसं केलं असतं, तर ही दोन बोटंही आली असती का? मुलगी मनाने चांगली होती, तिला काहीतरी गोड बोलता आलं असतं. तिने पिशवी खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "बहुतेक, सर."

त्यानंतर आई सात वर्षं जगली आणि सातही वर्षं स्वतःच्या हाताने, तीन बोटांनी जेवली. वरणभात मिटलेल्या दोन बोटांत जाऊन बसायचा. जेवण झालं की ती बेसिनपाशी उभी राहायची, डाव्या हाताने ती दोन बोटं एकेक करून उघडायची, नळाखाली धरायची, आत अडकलेली शितं काढायची आणि मग ती बोटं सोडून द्यायची. ती पुन्हा मिटत. दिवसातून दोनदा मी हे बघत होतो. मला लाज वाटायची, अजून वाटते. एकदा न राहवून मी पुढे झालो, म्हटलं, आण, मी धुतो. तिने नळ बंद केला आणि मी बाजूला होईपर्यंत तशीच उभी राहिली.